अळू नावाचा थोरला भाऊ

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'संस्कृतीतून झाडांची ओळख' असं छापलंय. काल रात्री जेवताना एकीनं मला विचारलं, "संस्कृती हा शब्द आपल्या शिबिरात कुठून आला गं? त्या शब्दाशी तर आपण आजवर भांडत आलो." तिचं खरं आहे. आपल्याकडे संस्कृती म्हटलं की पाठोपाठ मुलीनं कसं बसावं, काय नेसावं, पाळीच्या दिवसांत कशाला शिवू नये, अशी यादी येते. त्यामुळे मुलींना झाडंझुडपं संस्कृतीच्या अंगानं शिकवा असं कुणी म्हटलं, की आपण सावध होतो. व्हायलाच हवं.

पण या सावधपणापायी आपण एक चूकही करतो. संस्कृती नको म्हणून पाठ्यपुस्तक तेवढं हातात घेतो. मूळ, खोड, पान, फूल, फळ. मुली पाठ करतात, आकृती काढतात, नावं देतात. घरामागच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळूकडे मात्र बघतही नाहीत. ते आईचं काम, ते काही ज्ञान नव्हे, असं त्या न सांगता शिकलेल्या असतात.

या पेचातून वाट काढणाऱ्या एका दूरच्या लोकांची गोष्ट मी आज सांगणार आहे. पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांची. मी तिथे गेलेले नाही. सांगणार आहे ते वाचलेलं आणि आपल्या कामाशी ताडून पाहिलेलं.

आधी तिथली झाडं. हवाई कुठल्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर. वाऱ्यावरून, पाण्यावरून, पक्ष्यांच्या पोटातून एखादं बी तिथवर पोचायचं, रुजायचं आणि लाखो वर्षांत आपलं रूप बदलायचं. त्यामुळे तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे 90 टक्के जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. तिथे संपल्या की पृथ्वीवरून संपल्या.

मग माणसं आली. पॉलिनेशियातले दर्यावर्दी लोक नावांतून आले तेव्हा त्यांनी जगायला लागणारी झाडं सोबत आणली. तिकडे त्यांना नावेतली झाडंच म्हणतात. त्यांची नावं ऐका: अळू, हळद, ऊस, केळी, नारळ. आपल्या स्वयंपाकघरातलीच मंडळी की! अळूला तिकडे म्हणतात कालो, हळदीला ओलेना. कुकुई म्हणजे जंगली अक्रोड. त्याच्या तेलकट बिया नारळाच्या हिरात ओवून दिव्यासारख्या जाळायच्या. वाउके म्हणजे कागदी तुती. तिची साल कुटून बायका कापा नावाचं कापड करायच्या.

तिसरी झाडं आली ती गोऱ्या व्यापाऱ्यांच्या, मळेवाल्यांच्या जहाजांतून. त्यातलं एक तुम्हांला चांगलं माहीत आहे, घाणेरी ऊर्फ टणटणी. शोभेचं म्हणून 1858 मध्ये तिथे नेलं आणि आपल्या डोंगरांवर माजलं तसं तिथेही माजलं.

आपण पोचलो कसे, कुणी कशासाठी आणलं, आल्यावर कुणाची जागा घेतली, हे झाडाझाडाला विचारलं की इतिहास, भूगोल आणि विज्ञान एका वाफ्यात शिकता येतं. हवाईतल्या शिक्षिकांचा पहिला धडा बहुधा हाच असतो.

दुसरा धडा कालोचा. त्यांची उत्पत्तिकथा अशी: आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकलानी यांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. ते पुरलं त्या जागी एक रोप उगवलं, थरथरत्या पानांचं. तो पहिला कालो. मग दुसरं मूल झालं, ते जिवंत. त्याला थोरल्याचंच नाव दिलं, हालोआ. हवाईयन माणसं या धाकट्या हालोआची वंशज. म्हणजे अळू त्यांचा थोरला भाऊ. थोरल्यानं धाकट्याला पोसायचं, धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची. कुटुंबाला त्यांच्या भाषेत ओहाना म्हणतात. तो शब्द 'ओहा'वरून आलेला, ओहा म्हणजे अळूच्या कंदाला फुटणारे कोंब. कालो शिजवून, कुटून जे पोई करतात त्याचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही अशी रीत होती. थोरला भाऊ पंगतीला बसलाय ना.

आपल्यातली कुणी म्हणेल, ही तर पुराणकथा. हो, पुराणकथाच. ती शास्त्राच्या जागी कुणी शिकवत नाही. होनोलुलुच्या विद्यापीठात कानेवाइ नावाची अळूची पाणथळ खाचरं आहेत. 1980 च्या सुमारास विद्यार्थ्यांनी तिथला जुना पाट शोधून काढला आणि पडीक खाचरं पुन्हा लावली. आज शाळेतली मुलंही तिथे येऊन गुडघाभर चिखलात उभी राहतात. पाणी वाहतं का हवं, साचलं तर कंद का कुजतो, कच्चा कालो खाल्ला तर घसा का खवखवतो, हे सगळं शास्त्र त्यांना कळतं. कथेनं त्यात एका गोष्टीची भर पडते. हे झाड आपलं कुणीतरी आहे आणि त्याचं आपण काही देणं लागतो. पर्यावरणाच्या पुस्तकात शेवटी 'आपण झाडांचे रक्षण केले पाहिजे' असं वाक्य असतं. का केलं पाहिजे, याचं मुलाच्या मनाला पटणारं उत्तर त्या पुस्तकात नसतं.

आता हे सगळं पुन्हा शिकवावं का लागलं, ते बघू. हवाई हे एक राज्य होतं. शेवटची सत्ताधारी एक बाई होती, राणी लिलिउओकलानी. 1893 मध्ये अमेरिकी मळेवाले आणि व्यापारी यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या पाठबळावर तिला पदच्युत केलं. 1896 च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. पुढे दोन पिढ्या शाळेत हवाईयन बोललं तर शिक्षा होत असे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भाषा बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही उरली नव्हती, असं भाषेच्या चळवळीतले लोक सांगतात.

आणि भाषा गेली की झाडं जातात. झाड उभं असतं, पण कोणत्या अळूला कोरडवाहू जमीन मानवते, कोणता औषधाला, कोणता नैवेद्याला, हे नावातच साठवलेलं असतं. कालोच्या पूर्वी तीनेकशे जाती होत्या असं मानतात. आज शंभरही उरलेल्या नाहीत.

लोक गप्प बसले नाहीत. 1970 च्या दशकात जमिनीसाठी, पाण्यासाठी, भाषेसाठी आंदोलनं झाली. 1978 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हवाईयन ही राज्यभाषा झाली आणि सरकारी शाळांत हवाईयन भाषा, संस्कृती, इतिहास शिकवणं बंधनकारक झालं. त्यात एक छोटं कलम आहे, ते मला फार मोलाचं वाटतं: या शिक्षणासाठी समाजातल्या जाणकारांची मदत घ्यावी. म्हणून 1980 पासून 'कूपुना', म्हणजे आजी-आजोबा, शाळेच्या वर्गात शिकवू लागले. पदवी नसलेली आजी पान हातात धरून त्याचं नाव सांगते आणि पदवीधर शिक्षिका शेजारी बसून शिकते, अशी कल्पना करून बघा. 1984 मध्ये 'पुनाना लेओ' म्हणजे भाषेचं घरटं या नावाच्या बालवाड्या सुरू झाल्या. तेव्हा त्या कायद्यात बसत नव्हत्या. पालकांच्या रेट्यामुळे 1986 मध्ये कायदा बदलला.

या कामात बायका किती होत्या बघा. मेरी कावेना पुकुई यांनी आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांकडून शब्द, म्हणी, झाडांचे उपयोग गोळा केले आणि 1957 मध्ये सॅम्युअल एल्बर्ट यांच्याबरोबर शब्दकोश केला. बिअॅट्रिस क्राउस यांनी मानोआ खोऱ्यातल्या लायन वनस्पती उद्यानात म्हातारपणापर्यंत शिकवलं. हवाईयन संस्कृतीतल्या वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक 1993 मध्ये आलं, तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या. एडिथ कानाकाओले या हुला नृत्याच्या गुरू. हिलोच्या महाविद्यालयात त्या संस्कृती शिकवत. त्यांनी रचलेली, ज्ञान मागणारी प्रार्थना आज हवाईत कितीतरी वर्ग सुरू होताना म्हणतात. 2023 मध्ये अमेरिकेच्या नाण्यावर त्यांचं चित्र आलं.

आणि इसाबेला आयोना अॅबट. यांच्याकडे जरा थांबते, कारण आपला कालचा प्रश्न इथेच येऊन भिडतो.

इसाबेला 1919 मध्ये माउई बेटावर जन्मल्या. आई हवाईयन, वडील चिनी. आईनं लहानपणी समुद्रकाठी नेऊन खाण्याची शेवाळं ओळखायला शिकवली. त्यांना तिकडे लिमू म्हणतात. या मुलीनं 1950 मध्ये वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली मूळ हवाईयन बाई. मग काय झालं? नवऱ्याला नोकरी लागली आणि हिनं कॅलिफोर्नियात घर आणि मूल सांभाळलं. तेव्हा बायकांना विद्यापीठात कोण घेत होतं! पण तिथल्या समुद्रातल्या शेवाळाची ती घरी लोणची घालायची, केक करायची आणि अभ्यास चालू ठेवायची. 1966 मध्ये शिकवायला मिळालं. 1972 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातली ती पहिली स्त्री पूर्ण प्राध्यापक झाली. निवृत्तीनंतर हवाईला परत येऊन तिनं लोकांचं वनस्पतिज्ञान हा विषय विद्यापीठात उभा केला.

आता विचारा, लिमूचं एवढं बारीक ज्ञान आईकडेच का होतं? जुन्या हवाईत 'आइ कापू' नावाचे खाण्याचे निर्बंध होते. कापू म्हणजे निषिद्ध, सोवळं. बाई आणि पुरुष एकत्र जेवत नसत. पुरुषांच्या जेवणघरात बाईला मज्जाव. मुलगा जरा मोठा झाला की आईच्या पंगतीतून उठून तिकडे जायचा. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे बाईनं खायचे नाहीत. खाल्ले तर देहदंडही होत असे. लिमूवर बंदी नव्हती. म्हणून बायका किनाऱ्यावर गेल्या, शेवाळं धुंडाळली, चाखली, नावं दिली, लेकींना शिकवली. बायकांचं हे थोर ज्ञान अन्यायाच्या कुंपणाच्या आत वाढलेलं आहे.

ते कुंपण तोडलं कुणी? 1819 मध्ये राजा कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी या दोघींनी नवा राजा लिहोलिहो याला बायकांच्या पंगतीला बसवून जेवायला लावलं. भर मेजवानीत कापू मोडला. अमेरिकी मिशनरी यायच्या आधीची ही गोष्ट, तेव्हा बाहेरच्यांनी येऊन सुधारलं असं कुणी म्हणू नये. पण इतिहास इतका सरळही नसतो. पुढे हीच काआहुमानू ख्रिस्ती झाली आणि 1830 मध्ये तिनं जाहीर हुला नृत्यावर बंदी घातली. ज्या गाण्यांत झाडापानांची नावं साठवलेली होती, त्यांच्यावरच घाला आला.

मला यातून एवढं कळतं. संस्कृती हे गाठोडं नव्हे, की घ्यायचं तर सगळं किंवा टाकायचं तर सगळं. लिमू घ्यायचं, कापू टाकायचा. पण लिमू शिकवताना कापूबद्दल गप्प बसायचं नाही. बायकांना हे ज्ञान का होतं, हे त्याच धड्यात सांगायचं. नाहीतर "आमच्या परंपरेत स्त्रीला केवढं ज्ञान होतं" असं गोड भाषण होतं आणि तिला केळं खायची बंदी होती हे पुसलं जातं.

हुलाबद्दलही थोडं सांगते. सिनेमातली, जाहिरातीतली हुला आपल्याला माहीत आहे: गवताचा घागरा, कमरेची लचक. तो घागरा मुळात दुसऱ्या बेटांवरून आलेला. जुनी हुला कापाचं वस्त्र नेसून होई. पर्यटनाच्या धंद्यानं हवाईच्या बाईला आणि तिच्या संस्कृतीला कसं बाजारात उभं केलं, यावर हौनानी-के ट्रास्क या हवाईयन स्त्रीवादी प्राध्यापिकेनं कडक लिहिलं आहे.

खऱ्या हुला-शाळेत नाच शिकण्याआधी रान शिकावं लागतं. लाका ही हुलाची देवता. तिच्या वेदीवर ठरावीक रानझाडं मांडतात. त्यासाठी शिष्य रानात जातात, शिरण्याआधी गाऊन परवानगी मागतात आणि लागेल तेवढंच घेतात. इलिमा नावाच्या इवल्या पिवळ्या फुलांच्या एका हाराला शेकडो फुलं लागतात. इलिमा म्हणजे आपल्या चिकण्याची सख्खी बहीण बरं का! तो चिकणा आपण तण म्हणून उपटतो.

लाव्ह्याच्या काळ्या खडकावर जी झाडं आधी उगवतात, त्यात ओहिआ येतं. त्याचं लाल फूल लेहुआ हे हुलाचं लाडकं. 2014 मध्ये लक्षात आलं की एका बुरशीनं ओहिआची झाडं झपाट्यानं मरताहेत. आतापर्यंत दहा लाखांहून जास्त झाडं गेली. झाडाला जखम झाली की बुरशी आत शिरते. तेव्हा कितीतरी हुला-गुरूंनी ठरवलं, आता लेहुआ तोडायचं नाही. रानात जाताना-येताना बूट घासून, औषधानं पुसून घ्यायचे, हे मुलांना शिकवलं. देवीचं फूल देवीलाच वाहायचं नाही, झाड जगावं म्हणून. परंपरा जिवंत असेल तर ती स्वतःला अशी बदलते. आपल्याकडे वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात, तेव्हा मला हे आठवतं. त्या व्रताबद्दल आपली मतं काय आहेत, हा वेगळा विषय. पण वडासाठीसुद्धा ती रीत आपण बदललेली नाही.

आता शेवटचा मुद्दा. झाड नीट शिकवलं की ते राजकारणापाशी पोचतं, कितीही टाळलं तरी. कालोला वाहतं पाणी लागतं. हवाईयन भाषेत वाइ म्हणजे पाणी आणि वाइवाइ म्हणजे संपत्ती. ते पाणी उसाच्या मळ्यांनी बोगदे खणून पळवलं. ओआहू बेटावर वाइआहोलेच्या अळू शेतकऱ्यांनी ते परत मागितलं. 2000 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाणी ही लोकांची ठेव आहे, मळेवाल्यांची मालमत्ता नव्हे. 2006 मध्ये हवाई विद्यापीठाला कालोच्या तीन वाणांवरची पेटंटं सोडून द्यावी लागली, कारण लोक म्हणाले, थोरल्या भावाचं पेटंट कसलं घेता? आपल्या हळदीचं असंच झालं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं आणि भारतानं लढून ते 1997 मध्ये रद्द करून घेतलं. जखमेवर हळद दाबणारी प्रत्येक आजी त्या ज्ञानाची धनीण होती, पण लढाईत कामी आले ते छापील कागद. म्हणून आपल्या बायकांचं ज्ञान लिहून ठेवायला हवं, त्यांच्या नावासकट.

8 ऑगस्ट 2023 ला माउई बेटावर लाहाइना हे गाव जळालं. शंभराहून जास्त माणसं गेली. फणसासारख्या विलायती फणसाच्या, म्हणजे नीरफणसाच्या, दाट सावलीसाठी ते गाव एके काळी प्रसिद्ध होतं. मग ऊस आला, पाणी वळवलं गेलं. 1999 मध्ये साखर कारखाना बंद पडला आणि पडीक जमिनीवर बाहेरून आलेलं गवत माजलं. त्या वाळल्या गवतावरून आग वाऱ्यासारखी गावात शिरली. कोणतं झाड कुठलं, हा प्रश्न फावल्या वेळचा नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मैत्रिणींनो, हवाईची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण आपल्या मुलींच्या गटात कुठलंही झाड घेतलं तर चार प्रश्न विचारता येतील. एक, याची आपल्या वस्तीत, आपल्या बोलीत नावं कोणती? दोन, याबद्दल सगळ्यांत जास्त कुणाला माहीत आहे, आणि ती बाई आपल्या वर्गात शिकवायला येईल का? येईल, तर तिला इतर पाहुण्यांइतकंच मानधन द्यायचं. तीन, या झाडाशी बाईसाठी कोणती मनाई जोडलेली आहे, आणि त्याचा फायदा कुणाला? चार, हे झाड जगायला जी जमीन, जे पाणी लागतं, ते आज कुणाच्या ताब्यात आहे?

सुरुवात इथूनच करू. या केंद्राच्या मोरीमागे अळूचा वाफा आहे. आपल्या स्वयंपाकाच्या मावशी रोज त्यातूनच पानं आणतात. भाजीचं अळू कोणतं, वडीचं कोणतं, खाजरं कोणतं, हे त्या देठावरून सांगतात. उद्या सकाळी साडेसातला पहिलं सत्र त्या घेतील. मी त्यांना विचारलंय. आधी म्हणाल्या, "मी काय शिकवणार?" मग म्हणाल्या, "बरं, पण चपला काढून या, चिखल आहे."

आणि घरी गेल्यावर प्रत्येकीनं आपल्या आईला किंवा आजीला दोन गोष्टी विचारा. तू ओळखतेस असं एक झाड सांग, आणि तुला शिवायची, तोडायची, खायची बंदी होती असं एक झाड सांग. दोन्ही एकाच वहीत लिहून आणा. पुढच्या शिबिरात आपण ती वही वाचू.